आढीतला वास

मस्कत,
२६ मे २००२

प्रिय दादा,

मांजर आढीत मुतली यात वहिनीचा काय गुन्हा, तेवढं मला सांग. दोन पानं भरून लिहिलंस. आंब्याच्या पेट्या वाशीहून परत आल्या, दलाल चार लोकांत हसला, मालगुंडात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि सगळ्यात शेवटी, पैसे धाड. वहिनीबद्दल अख्ख्या पत्रात एकच ओळ, ‘ती पडली, हाताला लागलं.’ कुठे पडली रे? सपाट अंगणात? मागच्या दिवाळीतही ती अशीच पडली होती, तेव्हा ओठ फुटला होता. आपल्या घरात बायका फार पडतात दादा. आपली आवससुद्धा पडायची.

तांबूला घरात कोणी आणलं? तूच. पिकत घातलेले आंबे उंदीर कुरतडतात म्हणून शर्टात घालून आणलीस. आता आढीच्या खोलीत एवढा मऊ पेंढा पसरलेला, मांजराला वाटणारच की हे आपल्यासाठी केलंय. ती तिथे बसायला लागली तर तू काय केलंस? बाटलीभर फिनेल ओतलंस आणि ओल्या पेंढ्यावर नवा पेंढा टाकलास. वास दुप्पट झाला. मग वहिनीला म्हणालास, उद्या वास आला तर तुलाच आढीत पुरीन. हे कुंपणाच्या गडग्यापलीकडे शेजारच्या यमुनाकाकीने ऐकलं. तू बोलतोस तेव्हा निम्मी वाडी ऐकते.

त्या भीतीने वहिनीने आवशीसाठी मी पाठवलेली अत्तराची कुपी काढली. आवस गेल्यापासून ट्रंकेत पडली होती ती. पेंढ्यावर सगळी शिंपडली बिचारीने. आंबा बाजूचा वास ओढून घेतो, हे तिला कोण सांगणार? धंद्यातलं तू तिला कधी काही कळू दिलंस? दलालाने पेटी उघडली आणि म्हणाला, हे हापूस आहेत की बोहल्यावर निघालेले नवरदेव? एवढ्यावरून तुझी अब्रू गेली.

पुढचं यमुनाकाकीने बूथवरून फोन करून सांगितलं, रडत रडत, मीटर पळत होता तरी. तू तांबूला शेपटीला धरून उचललीस आणि पायरीच्या चिऱ्यावर आपटलीस. एकदा नाही. वहिनी मधे आली तर परत आलेल्या पेटीची फळी उपटलीस, खिळ्यांसकट, आणि तीच तिच्यावर घातलीस. तिने हात वर धरला म्हणून डोकं वाचलं. मनगट नको तिथून वाकलं, खिळा आरपार गेला. आणि वर तू तिला विचारत होतास, अत्तर कोणासाठी लावतेस गो? पेंढ्यासाठी, ती म्हणाली. खरं बोलली म्हणून आणखी एक बसली.

आता मी इथे काय करतो ते ऐक. तुला मी सांगितलं होतं की बंगल्यावर सुपरवायझर आहे. कसला सुपरवायझर! मॅडमची सहा मांजरं आहेत, त्यांची घाण काढतो. खोलीवरची पोरं मला मुतऱ्या म्हणायची. एकाला मी इतका मारला की त्याचे दोन दात फरशीवर पडले, आणि मारताना मला बरं वाटत होतं. त्या रात्री हात धुताना वर आरशात बघितलं तर आपला बापूस. तुला नवल वाटणार नाही.

पण सहा मांजरांच्या त्या घरात वास येत नाही दादा. का येत नाही ते लिहितो, नीट वाच. वखारीतून लाकडाचा कोरडा भुसा आण, फुकट मिळतो. परातीत चार बोटं पसर. चुलीतले कोळसे पार विझलेले, बारीक कुटून त्यात मिसळ, वर खाण्याचा सोडा भुरभुर. परात खोलीबाहेर, पडवीच्या कोपऱ्यात, जेवणाखाण्यापासून लांब ठेव. भिजलेला भुसा सकाळ-संध्याकाळ काढून टाकायचा, आळस नाही. फिनेल नको, ते मांजराला विष. आढीतला पेंढा सगळा बाहेर काढून जाळ. जमीन खरवड. मूत मातीत खोल गेलेलं असतं, वरून सारवलंस तर दोन दिवस बरं वाटेल, मग पुन्हा वर येईल. ओली माती निघेपर्यंत खरवड, राख पसर, सुकू दे, मग सारव. मॅडम म्हणते, वासावर वास घालणारा आळशी असतो.

तुझ्या डाव्या भुवईवर खूण आहे, तिला हात लाव वायच. मी सात वर्षांचा होतो. रॉकेल सांडलं म्हणून बापूस सुंभ घेऊन माझ्यावर धावला तेव्हा तू मधे पडलास. सुंभाला गाठ होती, ती तुला लागली. रक्त डोळ्यात जात होतं तरी तू म्हणत होतास, लवूला नाय, मला मारा. मी तुझ्या पाठीमागे, तुझी चड्डी धरून उभा. मी आजवर कोणाला देव म्हटलं असेल तर तुला. म्हणून काकीचा फोन ठेवला तेव्हा मला कळेना, की मधे पडणारा माणूस फळी घेऊन उभा कसा राहिला.

वहिनी कुठे गेली म्हणून तू सगळीकडे विचारत फिरतोयस, काकी म्हणाली. मीच सांगतो, आता लपवायचं नाही. गुहागरला आहे, माहेरी. मनगटाला प्लास्टर आहे आणि पोटात तुझं मूल आहे. होय. फळी खाल्ली त्या दिवशी तिला ते ठाऊक होतं, तुला सांगायला ती संध्याकाळची वाट बघत होती. एका हाताने तिने तांबूला तुझ्याच आंब्याच्या पेटीत घातली आणि होडीने खाडी ओलांडून गेली. तांबू जगलीय, तीन पायांवर चालते. हे पत्र घेऊन माझ्या खोलीवरचा गंगाराम सुटीवर येतोय. तो आधी गुहागरला जाईल, दर महिन्याला घरी यायचे ते पैसे यापुढे तिच्या हातात पडतील. तिला ओढून आणायला जाऊ नकोस. तिचे भाऊ दारात आहेत, आणि नाहीतर मी येईन, बापूस माझ्याही हातात आहे हे वर लिहिलंच. आधी ती खोली स्वतःच्या हाताने खरवड. मग जाऊन तिच्या अंगणात उभा राहा, हात रिकामे ठेवून. ती ये म्हणाली तर आत जा, नाही म्हणाली तर परत फिर. ती आलीच कधी, तर तिच्याबरोबर मांजर येईल, परात तयार असू दे. परातीला, सोड्याला आणि खुरप्याला लागतील तेवढे तुझ्या नावाने वेगळे बांधून गंगारामकडे दिलेत, एकशे दहा रुपये.

तुझाच, तुझ्या पाठीमागे उभा राहिलेला,
लवू