कुलूपवाली म्हातारी

२० डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझी यादी पोचली आणि वाचून करमणूक झाली. बक्षिसाच्या पंधरा ॲनिमेशन फिल्म्समधून शेवटच्या पाचांत कोण येणार हे ओळखायचं, एवढाच आपला खेळ. त्यात यंदाही तू मनाचं ऐकलंस! कितीदा सांगितलं, आपल्याला काय आवडलं ते बाजूला ठेव आणि परीक्षकांच्या डोक्याने विचार कर. म्हणूनच मी फिल्म संपताक्षणी टीव्हीकडे पाठ करते. कुणी बनवली हे कळलं की मन फितूर होतं. नावं संपल्याचं काकांनी सांगितलं की मगच वळते.

माझे पाच असे: ढगाला दोरी बांधून फिरवणारा पोस्टमन, लिफ्टमध्ये अडकलेला जिराफ, वाळूतला घोडा, भांडखोर खडू आणि ती बिनआवाजाची मासोळी. तुझे चार माझ्यासारखेच आहेत. पण मासोळीच्या जागी तू ती कुलूपवाली म्हातारी घेतलीस? अगं, काय बघून? घराला कुलूप लावते, जिना उतरते, परत वर जाते, गॅस बघते, पुन्हा उतरते, पुन्हा वर. असं करतं का कुणी? आणि तिची चाल! डावा पाय बाहेर फेकत, खांदा पाडून. जन्मभर फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांना चालायला शिकवलंय मी. असं चालणारं माणूस माझ्याकडे आलं असतं तर आठवड्यात सरळ केलं असतं. ज्याने कुणी ही बाहुली हलवली त्याने म्हातारं माणूस कधी नीट पाहिलेलं नाही. शेवटी झोपलेल्या मुलीवर पांघरूण काय घालते, सगळे रडवायचे धंदे!

तेव्हा म्हातारी आली तर मी हरले, मासोळी आली तर तू. हरणारीने नाक मुरडलेल्या फिल्मचं पानभर कौतुक लिहायचं, हा नियम लक्षात आहे ना? कागद काढून ठेव.

टूथपेस्टच्या जाहिराती कशा चालल्यात? जेवत जा वेळेवर. पत्रात आळस नको, आणि आत्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी आत्या

---

२७ डिसेंबर

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नेऊ नका. फिल्मच्या शेवटी तुम्ही माझं नाव वाचलं असणारच. तरी गप्प राहिलात, तुमचे उपकार कसे फेडू?

दोन वर्षं टूथपेस्टची थाप मारत आलेय. खरं तर आम्ही सहाजण एका गोदामात ती म्हातारी हलवत होतो. केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर. चाल सगळी माझ्याकडे होती. आत्या कशी चालते ते डोळे मिटून दिसतं मला, म्हणून तीच चाल दिली. वाटलं होतं, जिन्यावरच्या पहिल्या पावलाला ओळखेल. आणि ती म्हणते, म्हातारं माणूस कधी नीट पाहिलेलं नाही!

काका, पाचांत आलो नाही तरी चालेल, खरंच. पण मला फिल्म बघायला शिकवलं ते तिने. तिला आवडली नाही तर बाकी कुणी टाळ्या वाजवून काय उपयोग? रडले थोडी, आता ठीक आहे. तिला मात्र सांगू नका. नाव कळल्यावर केलेलं कौतुक मला नकोय. माझ्यावरची माया अशीच असू द्या.

तुमची ठकू

---

२५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद आणि दणदणीत अभिनंदन!

पाचांत आलात! काल यादी वाचून तुझ्या आत्याचा पारा असा चढला की विचारू नकोस. मासोळी गेली आणि म्हातारी आली, परीक्षकांची अक्कल कुठे चरायला गेली, असं तासभर चाललं होतं. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो.

आज सकाळी औषधं आणायला निघालो. मी नेहमीप्रमाणे छत्री घेऊन खाली उभा. ती कुलूप लावून अर्धा जिना उतरली आणि गॅस बघायला परत गेली. पुन्हा उतरली आणि खिडकी बघायला परत गेली. मला हसू आवरेना. जिन्याखाली छत्री धरून उभा असलेला तुझ्या फिल्ममधला तो टकलू कोण, हे मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण केस अगदीच नाहीत असं नाही, बरं का. तिने हसण्याचं कारण विचारलं. मी फक्त तिच्या पायांकडे पाहिलं. तीही बघायला लागली. हातात किल्ली तशीच. मग एक पायरी उतरली, थांबली, आणखी एक उतरली. आणि मटकन जिन्यावरच बसली.

औषधं राहिली. घरी येऊन तिने फिल्म पुन्हा लावली आणि या वेळी पाठ केली नाही. मी शब्दानेही सांगितलेलं नाही, तेव्हा मला दोष नको. लोभ ठेव.

काका

---

३० जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हरले. नियमाप्रमाणे कौतुक लिहिते आहे, आणि ठरवलंय की एकही शब्द उगाच लिहायचा नाही.

म्हातारीची चाल अचूक आहे. कमरेपासून टाचेपर्यंत अचूक. इतक्यांच्या चाली सुधारल्या, स्वतःची कधी पाहिलीच नाही गं! दोन दिवस आरशासमोर फेऱ्या मारल्या. खांदा पडतोच. काका म्हणतात, लग्नात पण पडत होता. चाल तिथल्या तिथे ओळखली असती तर मीच शहाणी. पण नाव वाचायच्या आधी मला ती जिन्यावर कळली, हे लिहून ठेव. त्यात तुझी भीड नाही.

आणि ते पांघरूण. तू आमच्याकडे राहायचीस तेव्हा सकाळी कामावर निघताना मी अर्ध्या जिन्यावरून परत यायचे, ते काही गॅससाठी नाही. तू पांघरूण लाथाडायचीस. मला वाटायचं, तू गाढ झोपलेली असतेस. जागी होतीस तर! फाजील कार्टी. फिल्म संपल्यावर मी ढसाढसा रडले. रडवायचे धंदे म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. फार सुंदर केलंस, बाळा.

तक्रार एकच, माझे केस एवढे पांढरे नाहीत.

आता शेवटचा अंदाज. डोक्याने विचार केला तर बक्षीस ढगवाला पोस्टमन नेतो. पण यंदा डोकं बाजूला ठेवलंय आणि म्हातारीच्या नावावर शिक्का मारलाय. पानभर कौतुकाची पाळी आली तरी बेहत्तर. आत्यावर रागावू नकोस.

तुझी आत्या

---

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हरलीस! ढगवाला जिंकला. मी त्याचंच नाव लिहिलं होतं, तू शिकवल्यासारखं डोक्याने. म्हणजे बक्षीस गेलं, पण खेळ मी जिंकले. नाव पुकारलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पर्समध्ये तुझं पत्र घडी करून ठेवलं होतं. ते चाचपलं आणि मग मनापासून टाळ्या वाजवल्या.

ढगवाल्याचं कौतुक येऊ दे. पानभर म्हणजे पानभर, मोठं अक्षर काढून जागा भरायची नाही.

रविवारी तुमच्याकडे येतेय. आपण तिघं कुठेतरी बाहेर जाऊ. तुला हवं तितक्या वेळा वर जाऊन ये. काका आणि मी छत्री घेऊन खाली थांबू.

तुझीच,
ठकू