बाबांच्या टाचा आणि शिंप्याचा गळा

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, आडवं व्हायला इथे कुणाला सवड नाही). तुझी कंबर आणि काकांचा खोकला ठीक असेल असं धरून चालते, कारण इथे काहीच ठीक नाही. अक्षर बघ कसं आलंय!

आईला बाबांच्या पोटरीवर शिरा दिसल्या. फुगलेल्या, निळ्या, गांडुळांसारख्या! (इतकी वर्षं फुलपँटीखाली लपवल्या गं त्यांनी.) घोट्याजवळ कातडी काळी पडलेली. ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पायातलं रक्त वर जातं ते पोटरी पिळून ढकलते म्हणून, आणि शिरांमधल्या बारीक झडपा त्याला परत खाली घसरू देत नाहीत. मी हादरलेच! म्हणजे जन्मापासून आपल्या पायात ही चढाई चाललीय आणि आपल्याला पत्ताच नाही? बाबांच्या झडपा ढिल्या पडल्यात. खुर्चीमागे एका जागी उभं राहून आयुष्यभर लोकांच्या दाढ्या केल्या, त्यात आणखी बिघडल्या. डॉक्टर म्हणाले, लेसरने ती शीर बंद करू, नाहीतर जखम होईल. तोवर टाचा वर-खाली करत जा. बाबांनी फक्त शेवटचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत शेजारचा शिंपी. गळ्यावर वस्तरा. त्याने डोळे उघडले तर आरशात बाबा उगवतायत, मावळतायत, उगवतायत.

"अरे, दुकानात आहेस का होडीत?"

"हलू नकोस. रक्त वर चढवतोय."

शिंपी अर्ध्या दाढीने पळाला, आमच्या टॉवेलसकट! तेव्हापासून दाढीला कुणी फिरकत नाही. (केस कापायला एकजण आला, तोही टकला.)

आणि बाबांचं एकच: "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक रक्त आतल्या मोठ्या शिरांमधूनच जातं. पटत नाही. म्हणतात, हे करून धड चालणारा एक माणूस दाखवा, मग बघू.

तुझी,
हादरलेली भाची

ता. क. तो माणूस तू आहेस. मागे "बाथरूममध्ये घसरले" म्हणून पायाला पट्टी होती ना, काकांनी आईला खरं सांगितलंय. लगेच ये, बाबांसमोर पोटरी उघडी कर आणि दुकानभर चालून दाखव. ते फक्त तुलाच घाबरतात.

ता. क. २ अक्षर घाबरून वाकडं आलेलं नाही. मीही दिवसभर दुकानात उभी असते, म्हणून डॉक्टरांनी माझेही पाय पाहिले. हे पत्र वर-खाली, वर-खाली होत लिहिलंय.