वातीचा कापूस

उस्ताद, यंदा वातीचा कापूस उरला.

तुम्ही असता तर मान्यच केलं नसतं. म्हणाला असता, तूच हात आखडला असशील, वाटायला कुठी बसला होता? पण मी तुमच्याच ओट्यावर बसलो होतो, तीच वेताची टोपली, खाली तेच पांढरं फडकं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ उतरली तरी टोपली निम्म्याहून जास्त भरलेली होती. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की माझ्यापुढे सरकवायचे, आणि मी जरा रंगवून वाचायला लागलो की म्हणायचे, "लंबा मत खींच, मतलब की बात कर." आता टोकायला कोणी नाही. जरा लांबवतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा कोवळा पोर नव्हतो, लग्न झालेला गडी होतो. एटापल्लीच्या पलीकडचं गाव सोडून घुग्घुसला ठेकेदाराकडे कोळसा भरत होतो. थंडी तोंडावर आली म्हणून आमची एकुलती एक रजाई घेऊन चंद्रपूरला, वेशीच्या आतल्या या गल्लीत आलो. तुम्ही शिवण उसवली आणि आतला कापूस बघून घरात तुमच्या बायकोला, चाचीला, हाक मारली, "अगे ये देख, रजाई है के खदान!" मी भिंतीला टेकून उभा. धनुष्यासारखं तुमचं पिंजण छताच्या बांबूला टांगलेलं, लाकडी मुठ्या त्याच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर पडतोय, तुंग, तुंग, तुंग. गाठी फुटतायत, काळी भुकटी उडतेय. आणि एका क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "आता झाला." तुमचा हात थांबला. "तुले कसं समजलं बे?" मी म्हटलं, "आवाज मोकळा झाला ना." आमच्याकडे जंगलात डोळ्याआधी कान जागे होतात, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. पण तुम्ही मुठ्या माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "मंग वाजवून दाखव." त्या रजाईसाठी आलो तो इथलाच झालो; घुग्घुसला परत गेलो तो बायकोला आणि भांडी आणायलाच.

गावाकडे दिवाळी म्हणजे आम्हाला गायगोधन. गाई धुवायच्या, शिंगं रंगवायची, त्यांना खिचडी चारायची, मग मंडईची जत्रा आणि रात्रभर नाटक. दिव्याचं कौतुक कमी, गुरांचं जास्त. या गल्लीत गुरं नव्हती, पण दिवाळ्या किती होत्या! तेलुगू अम्मा सिरोंच्याकडून आलेल्या, त्यांची दिवाळी लक्ष्मीपूजनाच्या एक दिवस आधी, आणि वात दोन पदरांचीच हवी. कोपऱ्यावरचा बंगाली मिठाईवाला त्याच दिवशी पितरांसाठी चौदा दिवे लावायचा. छत्तीसगढी मिस्त्र्यांच्या खोल्यांतून मातीचे शंकर-पार्वती, गौरा-गौरी, मिरवत निघायचे. मराठी घरांना फुलवाती हव्यात आणि समईच्या लांब वातीही हव्यात. प्रत्येकाचा देव निराळा, तिथी निराळी, आणि कापूस सगळ्यांचा तुमच्या ओट्यावरचा. राजुऱ्याकडचा एक शेतकरी पहिल्या वेच्यातला कापूस आणून टाकायचा. चाची ओट्यावर बसून बोटांनी एकेक सरकी काढायची. तुम्ही आंघोळ करून, पिंजणाला नवी तात चढवून तो पिंजायचे, आणि दिवाळीच्या दोन दिवस आधीपासून टोपली ओट्यावर. यावं, मूठभर न्यावं. कोणी हात खिशाकडे नेला तर तुम्ही रागवायचे, "उजाले का क्या धंदा करू?" ही पद्धत कोणी सुरू केली विचारलं तर म्हणायचे, अब्बा करायचे. आणि त्यांच्या आधी? "त्यायचे अब्बा करत असतील. माझ्या डोक्याले ताप नको देऊ."

पहिल्याच वर्षी मी तुमच्या शिव्या खाल्ल्या. टोपली रिकामी झाली होती आणि अम्मा उशिरा आल्या. तुम्ही नमाजला गेलेले. मी शहाणा! कोणाच्या तरी जुन्या गादीचा पिंजून ठेवलेला ढीग पडला होता, शेवरीसारखा पांढरा. त्यातला मूठभर उचलून अम्मांच्या पदरात घातला. तेवढ्यात तुम्ही दारात. नुसत्या नजरेने ओळखलंत. "अम्मा, जरा रुको," म्हणत त्यांच्या पदरातून तो कापूस काढून घेतला आणि माझ्याकडे वळलात. "जुना कापूस दिव्यात घालून राह्यला काऊन बे?"

"साफ तर आहे, उस्ताद. पांढराफेक."

"साफ दिसते. त्याच्यावर माणूस झोपला आहे. बिमार पडला असंल, रडला असंल, त्याच्यावरच कोणी मेलं असंल. त्याच्यात माणूस ऱ्हायते. माणूस देवापुढं जाळत असते का?" आणि मग रागाचा पारा उतरायच्या आतच घरात गेलात. मुलीच्या लग्नासाठी चाचीने भरून ठेवलेली कोरी उशी आणलीत, ओट्यावर बसून तिची शिवण उसवलीत आणि तिच्यातला नवा कापूस अम्मांना दिलात. चाची आतून ओरडली, "पोरगी काय अर्ध्या उशीवर झोपंल काय?" तुम्ही म्हणालात, "झोपंल. अर्ध्याच्या खाली अम्मांचा आशीर्वाद आहे." अम्मा हसता हसता डोळे पुसत गेल्या. त्या वर्षी त्यांच्या दारातल्या ओळीतला पहिला दिवा कुठल्या कापसाचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

तुम्ही गेल्यावर मी मशीन बसवली, मग दुसरी. आता मोहर्लीच्या रिसॉर्टांना गाद्या जातात. वाघ बघायला आलेले लोक माझ्या गादीवर लोळतात आणि वाघ दिसला नाही म्हणून कुरकुरतात. देवाने बरं चालवलं. पण गल्लीतलं दुकान हलवलं नाही, त्याच्यावरचा तुमच्या नावाचा बोर्डही हलवला नाही, आणि दर दिवाळीला वातीचा कापूस मशीनला लावला नाही. तो पिंजणावरच. सरकी काढायला चाची. तिची बोटं वाकडी झाली, तरी ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी चहाच्या टपरीवर उभा होतो. माझ्याकडे पाठ करून दोघंतिघं बोलत होते. माझे कान तुम्हाला माहीत आहेत, साठी ओलांडली तरी मेले मंद होत नाहीत. एक जण म्हणत होता, "देवाच्या दिव्यातली वात कोणाच्या दुकानातली आहे, हेही पाहा लागते आता." वळून पाहिलं तर आपल्याच गल्लीतला. त्याची आई तुमच्या ओट्यावर तासन्‌तास चाचीशी बोलत बसायची, तेव्हा हा पायरीवर सरक्यांशी खेळायचा. मला पाहून जरा ओशाळला, मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तुमचा प्रश्न नाई. तुमी तं आपलेच. पिंजता बी तुमीच. प्रश्न फक्त बोर्डाचा आहे. बदलून टाका ना. इतके वर्स झाले, कोण लागत होता तो तुमचा?"

मी म्हटलं, "बरं बाबा, बदलतो. मंग तुझ्या घरची गादी वापस आणून दे. तेही याच बोर्डाखालून गेली आहे. तिच्यावर झोपतं तवा नाई टोचत?"

सगळे हसले. तोही हसला, मीही हसलो. मी धंदा हसण्यावर उभा केला आहे, उस्ताद. सौदा जुळल्याचं हसू कसं वाजतं आणि विषय संपवायचं हसू कसं वाजतं, हे मला नीट कळतं. ते दुसरं होतं.

सगळा दोष त्याच्या माथी मारणार नाही. आता वातींची तयार पाकिटं मिळतात, तुपात भिजवलेल्या वातीसुद्धा. निम्म्या दारांवर विजेच्या माळा आहेत. कोणी जाता जाता मोकळेपणाने सांगितलं, "भाऊ, औंदा पाकीट आणलं," तर त्यात मला काही वाटलं नाही. अम्मांची सून आली, दोन पदरांपुरता कापूस घेऊन गेली. मिठाईवाल्याने नातवाला पाठवलं, सोबत संदेश मिठाईचा पुडा दिला. पण एक बाई आपल्या लहान मुलीचा हात धरून समोरून चालली होती. मुलगी ओट्याकडे ओढत म्हणाली, "आई, आपण इथूनच नेतो ना?" आई मान खाली घालून पुटपुटली, "यंदा नाई, चाल." अगदी हळू म्हणाली. दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसतं.

चाची टोपलीजवळच बसलेली. मी म्हटलं, "येतील चाची, लोकं संध्याकाळी निघतात." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुह्यासारखे कान नाई मले. पण रस्ता दिसते ना." बराच वेळ ती फडक्याची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, हे त्यायनं नाई पायलं."

दिवाळी झाली की चाची आदिलाबादला मुलीकडे जाणार आहे, कायमची. अर्ध्या उशीवाली तुमची मुलगी, तीच घ्यायला येणार आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी चाचीने मला आत बोलावलं आणि खाटेवरच्या गादीवर हात ठेवला. तुमची गादी. तुम्ही शेवटचे जिच्यावर पडून होता ती. इतकी वर्षं दर हंगामात मी मागे लागायचो, चाची, दगड झाला तिचा, पिंजून देतो. तिचं एकच, "ऱ्हाऊ दे." त्या दिवशी मात्र म्हणाली, "पोरीच्या घरी जागा नाई एवढी. ह्याची एक उशी करून दे मले. मशीनले नको लावू."

शिवण उसवली. खोळीच्या आत तुमच्या कुशीचा खळगा तसाच होता, उस्ताद. चाची इतकी वर्षं पलीकडच्या कडेला झोपत आली होती. खांद्याशी खोल, कमरेशी त्याहून खोल, आणि मधला कापूस दाबून दाबून पाटीसारखा झालेला. मी त्याच्यावर हात ठेवला आणि मला मुठ्या उचलवेना. दारात चाची भिंतीला टेकून, मांडीवर उशीची रिकामी खोळ घेऊन वाट पाहत होती. शेवटी पिंजण टांगलं. मुठ्या पडला की भद्द, भद्द, ओल्या मातीवर काठी मारावी तसं. एवढा अडेल कापूस मी आजवर पिंजला नाही. तुमचाच तो. घाम निघाला, मग हळूहळू एकेक गाठ सुटायला लागली, उन्हाच्या पट्ट्यात तंतू उडायला लागले, आणि केव्हातरी तात मोकळी वाजली. चाची इतका वेळ खोळीचा काठ चिमटीत धरून होती, तिने तो सोडला. "झाला," म्हणाली. मी बोलायच्या आधी ती म्हणाली.

लोक म्हणतात, तुझ्या हातात हुबेहूब उस्तादांचा आवाज आहे. मी मान डोलावतो. तो नाही, हे मला ऐकू येतं.

उशी भरली, चाचीने स्वतः तोंड शिवलं. सगळा कापूस एका उशीत कसा मावणार? उरला तो एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला. एवढंच सांगतो की पोतं बांधताना मी थोडा वेळ एकटा होतो.

दिवेलागणीला चाची आत मगरिबच्या नमाजला उभी राहिली. माझ्या बायकोने दुकानात पूजा मांडली, समईत नव्या कापसाच्या वाती घातल्या. मी बाहेर आलो, उंबऱ्यावर, बोर्डाच्या बरोबर खाली एक पणती ठेवली आणि पेटवली. गल्लीत माळा लुकलुकत होत्या, फटाके सुरू झाले होते. पणती नीट जळेना. तडतडली, वाकली, काजळी धरायला लागली. पुढून जाणारे दोघंतिघं पाहून पुढे गेले. आईचा हात धरून गेलेली ती मुलगी समोरच्या गॅलरीत फुलझडी घेऊन उभी होती, तिने मात्र हात हलवला.

चाची बाहेर आली. वासावरून म्हणा, धुरावरून म्हणा, ती पणतीजवळ वाकली. "कोणता कापूस हा? नवा इतका धूर करत नाई."

"टोपलीतलाच आहे, चाची."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसली, वारा ज्या बाजूने येत होता तिकडे ओढणीचा पदर धरला आणि तेल संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

हे पत्र वाचून दाखवायला आता कोणाकडे जाऊ? इथेच गल्ल्याच्या खणात राहील. मतलबाची गोष्ट एवढीच होती, उस्ताद. देवापुढे मी नव्याच वाती लावल्या, तुमचा शब्द मोडला नाही. पण उंबऱ्यावरच्या पणतीत टोपलीतला कापूस नव्हता.