खांबावरची लाल रेष

रविवार, ९ मार्च

चिमे,

बरी आहेस ना? माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. खोलीतला नळ तीन दिवस गळत होता. शेवटी मीच दुरुस्त केला, आणि आता कसलाच आवाज नाही तर करमत नाही बघ. घरमालकीण म्हणते, "बोलायला कुणीतरी आणा." या वयात आणू कुणाला!

कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीतही एकटाच असतो. तुझ्या जागी कुणाला घेतलंच नाही. स्प्रिंगवर फळी, फळीवर वजन, दाबायचं, सोडायचं, हेलकावे मोजायचे. मोजणं चुकलं तरी आता हसायला कुणी नाही.

तुझं पत्र पोचलं. तिकडच्या कारखान्यात हेच काम चालून आलंय आणि तू नको म्हणणार आहेस. "माझा हात बेभरवशाचा आहे, दादा. तुझं नाव एकदा घालवलं, तेवढं पुरे." वाचलं आणि ताट बाजूला सारलं. चार वर्षं तू दर पत्रात माफी मागतेस आणि मी मोठ्या मनाचा आव आणून लिहितो, "जाऊ दे गं." लाज कशी वाटली नाही मला!

आता ऐक. नियम मीच तुला शिकवला होता. फळी आणि वजन मिळून स्प्रिंग जेवढी खचते, तेवढंच आणखी दाबायचं. त्याहून जास्त दाबलं, तर वर गेलेली फळी इतक्या जोरात खाली ओढली जाते की वजन मागे राहतं, अधांतरी. म्हणून तर फळीशेजारच्या खांबावर लाल रेष, तिच्याखाली फळी न्यायची नाही.

त्या दिवशी तू जेवायला गेलीस तेव्हा मी स्प्रिंग बदलली. नवी चांगलीच कडक होती. कडक स्प्रिंग कमी खचते, तेव्हा रेषही वर घ्यायला हवी होती. मला कळत होतं गं. पण रंगाचा डबा वाळला होता. म्हटलं, उद्या बघू. आणि तुला सांगायचं विसरलो.

तू आलीस, रेषेपर्यंत दाबलंस, सोडलंस. वजन उडालं, तिरकं झालं आणि तुझ्या हातावर आदळलं. दोन बोटं गेली. तू दवाखान्यात असताना साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "रेषेखाली दाबलं असेल. जरा धसमुसळीच आहे ती." तुलाही तेच सांगितलं. तू म्हणालीस, "असेल दादा, माझंच लक्ष नसेल." किती पटकन मानलंस! मी म्हणालो म्हणून.

तू रेषेच्या खाली गेली नव्हतीस, चिमे. चूक सगळी माझी. काल साहेबांना तसं लेखी देऊन आलो. काय करायचं ते करोत.

तू कामाला हो म्हण. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही, म्हणजे दोन बोटं सोडून. आणि तिथे गेलीस की स्प्रिंग स्वतः बघ, रेष स्वतः मार. कुणी कितीही जवळचा असो, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

हेही खोटंच. नाही चालणार. तुझ्या पत्राशिवाय मला घरी कुणी "दादा" म्हणत नाही. पण म्हणावंसं वाटलं नाही, तर नको म्हणूस.

या खेपेला माफी मागणारा,
तुझा भाऊ