काकडी आजारी पडल्याचा आनंद

ती. आत्या,

तुझ्या गुडघ्यांना आधी आणि मग उरलेल्या तुला साष्टांग नमस्कार. नव्या तेलाने उतार पडला का? (फोनवर विचारलं की तू "बरे आहेत" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लेखी विचारते आहे.) मी ठणठणीत आहे, आज तर हवेतच आहे. फक्त अंगाचा कुजक्या पाल्याचा वास आठवडा झाला तरी जात नाही. ते सांगते, पण आधी थोडं विषाणूबद्दल ऐकून घे, नाहीतर म्हणशील पोरीचं डोकं फिरलं.

माझा विषाणू काकड्यांना छळतो. (माणसांना नाही. शेजारणीला ठासून सांग.) त्याचा सगळा संसार म्हणजे आरएनएचा एक धागा आणि त्यावर ओळीने अक्षरं. लांब पट्टीला तू टिचबटणं लावलीस तर ती दुमडून आपल्याच अंगाला चिकटेल ना, तसा हा धागा जागोजागी दुमडतो, अक्षराला अक्षर जुळतं आणि घड्या पडतात. शेवटाकडच्या एका घडीवर माझा डोळा होता. माझं म्हणणं असं की, विषाणूच्या नकला काढणारं यंत्र ही घडी ओळखूनच कामाला लागतं. म्हणून तिथलं एक अक्षर बदलून मी घडी मोडली आणि तो विषाणू रोपांना टोचला. रोपं हिरवीगार! पण माझे मार्गदर्शक सर म्हणाले, विषाणू घडी मोडल्याने मेला की तुमच्या हातगुणाने, हे कशावरून? इकडे बाबांचं टुमणं तुला ठाऊकच आहे: संशोधनाच्या या परीक्षेत काही निष्पन्न झालं नाही तर मुकाट्याने चष्म्याच्या दुकानात येऊन बसायचं. न दिसणाऱ्या गोष्टीच्या मागे वर्षानुवर्षं लागणारी मुलगी चष्मेवाल्याच्या पोटी यावी, हे त्यांचं दुःख मला कळतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एका रोपाच्या पानांवर पिवळे ठिपके! हातगुणाचा दोष नव्हता, विषाणू जिवंतच पोचला होता! मी काचगृहात एकटीच नाचले. म्हणजे मला तसं वाटलं, मागे माळीकाका झारी घेऊन उभे होते. रोप आजारी पडलं म्हणून नाचणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांची रोपांवर फार माया. एकाची लागण सगळ्यांना नको, म्हणून सकाळी त्यांनी नेमकं तेच रोप उपटून मागच्या खतखड्ड्यात टाकलं.

मी ठेवणीतले कपडे घालून आले तर कुंडी रिकामी. मग काय, घेतली खड्ड्यात उडी! कमरेपर्यंत पाला आणि दिवंगत टोमॅटो. मी चाचपडते आहे, तोच वर सर आणि तीन परीक्षक, काचगृह बघायला आलेले. सर ओळखच दाखवेनात. (त्यांच्या जागी मीही नसती दाखवली.) शेवटी माळीकाकाच खाली उतरले आणि "ताई, रडू नका, हे बघा, हेच ना?" म्हणत त्यांनी रोप हातात दिलं. ते हलवत हलवत मी सगळी परीक्षा खड्ड्यातूनच दिली. मोठ्या परीक्षक बाई महाखडूस. म्हणाल्या, कुठून तरी जुनाच विषाणू येऊन बसला असेल, त्याची अक्षरं वाचून आणा, मग बघू.

आत्या, आज अक्षरं वाचून आली! मी बदललेलं अक्षर तसंच्या तसं आहे, म्हणजे हा जुना नव्हेच. पण पठ्ठ्याने त्याच्या समोरचंही अक्षर बदललं, माझ्या अक्षराला जुळेल असं, आणि मोडलेली घडी पुन्हा बसली तेव्हाच तो उठला. घडीवाचून त्याचं चालत नाही, हेच तर माझं म्हणणं! (पुरता मेला नव्हता तर. थोडी धुगधुगी होती, आणि नकला करताना चुकता चुकता ही एक चूक त्याला लाभली.) बाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि मला आणखी दोन वर्षं दिली. माळीकाका मात्र अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

बाकी सर्व क्षेम, काकड्या सोडून.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?) भाची

ता. क. आता खरं काम. बाबांना फोनवर सांगितलं. रागावले असते तर मी कडकडून भांडले असते. पण ते नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मग आईने हळूच सांगितलं, गल्ल्याशेजारी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे, पाठीला उशीवाली, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला तिच्यावर टेकू देत नाहीत. मला फार रडू आलं गं.

आणखी एक ता. क. तू दुपारची दुकानात जा आणि त्या खुर्चीत बस. समजूत घालू नकोस, माझं नाव काढू नकोस, नुसती बस. "ऊठ" म्हणाले तर ऐकू आलं नाही असं दाखव.