निवायला लागणारे तीन आठवडे

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार. हात कुठे भाजलेला नाही, जेवतेही वेळेवर.

इथे आम्ही दुर्बिणीच्या भिंगांसाठी कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक करतो. पांढरी भुकटी भट्टीत वितळवायची आणि तीन आठवडे हळूहळू निवू द्यायची. निघतो तो पाण्यासारखा नितळ, पण पाण्यात न विरघळणारा. नजर हटत नाही बघ!

घाई तेवढी त्याला सोसत नाही. मी मेली गुडघ्याला बाशिंग बांधलेली. दोन दिवस आधीच भट्टी उघडली आणि तो ताडकन तडकला. भट्टीवाल्या बाई ओरडल्या नाहीत. "पुन्हा लावू," एवढंच म्हणाल्या.

मी न सांगता निघून आले, तो बाबांचा राग निवला का गं? नसेल तर तू मध्ये पडू नकोस. मी थांबायला शिकतेय.

तुझीच,
उतावळी