विहिरीमागचा कुर्डू

रविवार, भाद्रपद. संध्याकाळ.

‘गावकऱ्यांनो, आपल्या धुऱ्या-बांधांवरच्या फुलांना सगळे तण म्हणतात, आणि आपण निमूट ऐकून घेतो!’ आर्णीजवळच्या तांड्यावर आज भाषण असं दणक्यात सुरू करणार होतो. पण मंचाशेजारी उपटलेल्या कुर्डूचा ढीग दिसला. गुलाबी-पांढरे तुरे अजून ताजे होते. सरपंच शांताबाई हौसेनं म्हणाल्या, “सर, तुमी येनार म्हनून सकाळपासून साफच करून राह्यलो.” आणि प्लॅस्टिकात गुंडाळलेला जरबेऱ्याचा गुच्छ हातात दिला.

रानफुलं वाचवा म्हणणाऱ्याच्या स्वागताला रानफुलंच उपटली! मी तिथेच भडकलो. बाई जराही दबल्या नाहीत. “मंग आदी फोन काहून नाई केला? एवडं मोठं भाषन देता, अन् एक वाक्य नाई सांगता आलं?”

सगळे हसले. मीही हसलो. काय करणार, खरंच होतं. तो ढीग मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. बी धरण्याआधीच गेला.

विहिरीमागचा कुर्डू तेवढा बाया थकल्या म्हणून उरला होता. उद्या तोही उपटणार होत्या. आता नाही. शांताबाईंनी शब्द दिला, “बी पडू द्या, मंगच हात लावू. पन पुढच्या टायमाले भाषन लहान करा!”

इतकी वर्षं बोलतोय, पण आज एक पट्टा खरोखर वाचला. तो ढीग आठवूनही मन खूश आहे.

उद्या राळेगाव. तिथल्या आयोजकांना आज जेवणाआधीच फोन करायचा, आणि भाषणही तेवढंच: मंडळी, बी गळेपर्यंत एकही रानफूल उपटू नका.